उन्हाळी लागली? गोखरू घ्या, पण जपून

द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता मिळतो. गाडीची, कामाची वाट पाहत आपल्या किती भगिनी तिथे ताटकळतात! जायला आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, आलेली लघवी दाबून धरायची. संध्याकाळी जळजळ सुरू झाली की घरची आजी म्हणते, "उन्हाळी लागली गं, गोखरूचा काढा घे."

आजीचे अगदीच चूक नाही. गोखरू म्हणजे आपला सराटा. पिवळ्या फुलाचा, जमिनीवर पसरणारा, सायकलची चाके पंक्चर करणारा. लघवी साफ होण्यासाठी आयुर्वेदात तो पूर्वापार वापरतात. दशमुळांतही त्याचे मूळ असते. ताप नाही, नुसती जळजळ आहे, तर चहाचा एक चमचा भरड दोन कप पाण्यात उकळून निम्मे उरवावे आणि दुहेरी फडक्याने गाळून एक-दोन दिवस घ्यावे. आमच्या मते निम्मा गुण पोटात गेलेल्या पाण्याचाच! दुकानात लहान गोखरू मागा. मोठे गोखरू हे वेगळ्याच झाडाचे फळ आहे. गटाराकाठचा सराटा तर आणूच नका.

झाडपाला आहे, अपाय कसला, असे मात्र समजू नये. इराणमधल्या एका 28 वर्षांच्या धडधाकट तरुणाने मूतखडा होऊ नये म्हणून सराट्याचा अर्क रोज दोन लिटर, असा दोन दिवस घेतला. त्याला झटके आले, मूत्रपिंड व यकृत दोन्ही बिघडले. ही नोंद 2010 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. गरोदर बाईने, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने गोखरू घेऊ नये. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि खरी भीती वेगळीच. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, जंतू लवकर वर चढतात. काढ्याने ते मरतील या भरवशावर राहू नये. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणे, उलटी, लघवीतून रक्त, यांपैकी काहीही दिसले, किंवा दोन दिवसांत जळजळ थांबली नाही, तर आठवडा काढ्यावर घालवू नका. द्वारकेजवळच महापालिकेचे झाकीर हुसेन रुग्णालय आहे. तिथे जाऊन लघवी तपासायला सांगा. गरोदर बाईने तर पहिल्याच दिवशी जावे. काढा घेतला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.