खर्जाची तार कोणती घ्यावी?

गायनांत जो सूर सर्वांत खालीं असतो, त्याकडे श्रोत्यांचें लक्ष सर्वांत कमी जातें. परंतु तोच थांबला कीं सर्व गाणें उघडें पडतें. आपल्या जिल्ह्यांतील तुळजापूरच्या गोंधळ्यांस हें पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. संबळ गाजतो, नायक कथा रंगवितो, आणि मागें उभा असलेला साथीदार एका तारेचें तुणतुणें रात्रभर छेडीत राहतो. त्याचें कौतुक क्वचितच होतें. पण नायकाचा सूर त्याच तारेच्या आधारानें उभा असतो.

विजेच्या गिटारींच्या मेळ्यांत हें काम बेस गिटारीकडे असतें. बेंबळीसारख्या गांवांतील एखाद्या मुलानें हें वाद्य हातीं घेतलें, म्हणजे लवकरच त्याच्यापुढें प्रश्न येतो कीं, तारा कोणत्या घ्याव्या: फ्लॅटवाउंड कीं राउंडवाउंड? तारा स्वस्त नसतात, आणि त्यांचे पैसे वडिलांच्या खिशांतून जावयाचे असतात. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांप्रमाणेंच पालकांनींहि समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम तारेची रचना पाहूं. बेस गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. काळी एकमध्यें लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ कंपनांचा असतो, यावरून ती किती खालीं बोलते याची कल्पना येईल. इतका खोल सूर एकेरी तारेंतून काढावयाचा तर ती फार जाड घ्यावी लागेल, आणि जाड तार काठीसारखी ताठ होऊन बेसूर बोलेल. म्हणून मध्यें पोलादाची बारीक तार ठेवून तीवर दुसरी तार गुंडाळतात. त्यायोगें वजन वाढतें, पण लवचीकपणा जात नाहीं. वरचें वेष्टन गोल तारेचें असलें तर ती राउंडवाउंड. पट्टीसारख्या चपट्या तारेचें असलें तर ती फ्लॅटवाउंड. पहिलीवरून बोट ओढलें तर स्क्रूच्या आट्यांसारखी खरखर लागते. दुसरी अगदीं गुळगुळीत असते. तंबोऱ्याची पितळी तार मात्र येथें उपयोगीं पडत नाहीं. कारण हें वाद्य चुंबकाच्या योगानें बोलतें, आणि चुंबक लोखंड व निकेल यांना ओळखतो, पितळेला ओळखीत नाहीं.

लिओ फेंडर यानें १९५१ सालीं अमेरिकेंत प्रिसिजन बेस बाजारांत आणला, त्या वेळीं चपट्या वेष्टनाच्या ताराच प्रचारांत होत्या. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा वादक जेम्स जेमर्सन यानें असंख्य गीतांस साथ केली ती अशाच तारांवर; तुटल्यावांचून तो तार बदलीत नसे, असें सांगतात. पुढें १९६६ सालीं इंग्लंडांत जॉन एंटविसल या वादकास पियानोसारखी खणखणीत तार हवीशी वाटली, आणि रोटोसाउंड कारखान्यानें त्याच्या साहाय्यानें गोल वेष्टनाची तार सिद्ध केली. तेव्हांपासून तिचा प्रसार इतका झाला कीं, आज बहुतेक नव्या वाद्यांवर तीच चढविलेली असते. त्यामुळें मुलांस वाटतें कीं, गोल तार म्हणजे नवी व चांगली, चपटी म्हणजे जुनाट.

हा समज दूर व्हावा म्हणून मिरजेकडे पाहावें. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागीर कानसीनें घोडी घासून जवारी काढतात, आणि गिऱ्हाइकास विचारतात कीं, जवारी खुली हवी कीं बंद? खुल्या जवारीचा आवाज झणकारतो, बंद जवारीचा गोल व भरीव निघतो. पंडित रविशंकरांची सतार खुली बोले. उस्ताद विलायत खाँ यांची बंद. यांपैकीं कोणास जुनाट म्हणावें? दोघांनींहि आपापल्या कामास योग्य तो आवाज निवडला. तात्पर्य, झणकार हा दोष नव्हे आणि मवाळपणा हा मागासलेपणा नव्हे. काम कोणतें, हें आधीं ठरलें पाहिजे.

आतां शाळेंतील काम कोणतें? तीस-चाळीस मुलें एकत्र गातात. त्यांचे गळे कोवळे असतात आणि गीताचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोंचावे लागतात. शब्दांतील व्यंजनें वरच्या पट्टींत उमटतात. गोल तारेचा झणकार आणि तीवरून बोट सरकतांना होणारी किरकिर त्याच पट्टींत येऊन शब्दांच्या आड येतात. चपटी तार खालचा मूळ सूर देऊन शांत होते आणि वरची जागा गाणारांसाठीं मोकळी सोडते. म्हणून समूहगायनाच्या साथीस चपटीच तार घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला किंमतीचा. चपटी तार बहुधा अधिक महाग असते, हें खरें. परंतु गोल तारेच्या खांचांत घाम व धूळ बसते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यांत तिचें तेज कांहीं आठवड्यांत उतरतें. ती पडदेहि लवकर झिजविते. चपटी तार वर्षानुवर्षें टिकते, व मुरल्यावर अधिकच गोड लागते. दुसरा आक्षेप असा कीं, वाद्यावरील टोनची कळ फिरवून गोल तारहि मवाळ करतां येते. हेंहि बऱ्याच अंशीं खरें आहे. ज्या मुलाजवळ एकच वाद्य आहे, आणि ज्यास अंगठ्यानें ठोका देऊन वाजविण्याची नवी पद्धतिहि शिकावयाची आहे, त्यानें गोल तार ठेवून कळीवर भागवावें. त्यास आम्ही दोष देणार नाहीं. मात्र तारेचा स्पर्श कळीनें बदलत नाहीं, आणि बोटाची किरकिरहि पुरती जात नाहीं.

तार घेण्यापूर्वीं वाद्याची लांबी मोजावी. मोठ्या बेसवर घोडीपासून खुंट्यांकडील पट्टीपर्यंत ३४ इंच भरतात, लहानावर ३०. एकाची तार दुसऱ्यास घेऊं नये. चपटी तार अधिक ताठ असल्यामुळें ती चढविल्यावर वाद्याची मान किंचित् वांकूं शकते. ती जाणत्या माणसाकडून नीट करून घ्यावी. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें तारा पुसाव्या. या संवयीस पैसा पडत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, दुकानांत तार एकटी वाजते, आणि एकटी वाजतांना गोल तारच मनांत भरते. पण तुम्हांस ती सोबत्यांच्या गाण्याखालीं वाजवावयाची आहे. तेव्हां निवड करतांना आपला सूर किती ऐकूं येतो हें न विचारतां, आपल्या साथीनें दुसऱ्याचा शब्द किती स्पष्ट ऐकूं येतो हें विचारा. आणि पालकांनीं, मुलाची मागणी पुरी करण्यापूर्वीं, तूं वाजविणार कोणाबरोबर, एवढा एक प्रश्न त्यास अवश्य करावा.