ज्वारीतला कुलूपबंद फॉस्फरस आणि मोंढ्यातली कपात

पाऊस लागलेली खरीप ज्वारी मोंढ्यात उतरली की खाद्यवाल्याचा माणूस हजर. आम्हांला दुसरी वाट नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. गेल्या हंगामात त्याने काळेपणाची कपात केलीच, वर आणखी एक लावली. म्हणाला, 'ज्वारीतला फॉस्फरस कोंबडीच्या अंगी लागत नाही. आम्हांला बाहेरून डीसीपी घालावी लागते.' शास्त्राचे नाव निघाले आणि आम्ही गप्प बसलो. चूक झाली.

त्याचे बोलणे अर्धे खरे आहे. क्विंटलभर ज्वारीत सुमारे ३०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला दोनतृतीयांश फायटेट नावाच्या साठ्यात कुलूपबंद. दाण्याने तो कोंबासाठी राखून ठेवलेला असतो. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटातले जिवाणू हे कुलूप फोडतात. कोंबडीकडे ती सोय जवळजवळ नाही. बराचसा फॉस्फरस विष्ठेतून बाहेर पडतो. पण मका, सोयापेंड, आपली सरकीपेंड, सगळ्यांची हीच गत. मग मक्याला ही कपात का नाही?

आता त्याने न सांगितलेले अर्धे. या कुलपाची किल्ली आहे फायटेज नावाचे विकर. १९९१ साली ते हॉलंडात बाजारात आले, कारण तिथे डुकरे-कोंबड्यांच्या खतातला फॉस्फरस पाणी नासवत होता. आपल्याकडच्या खाद्य कारखान्यांतही ते सर्रास वापरतात. नेहमीच्या मात्रेत ते क्विंटलभर खाद्यात १०० ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस मोकळा करते, असे धरतात. म्हणजे सुमारे अर्धा किलो डीसीपी वाचली. ही बचत कारखानदाराच्या खिशात आणि डीसीपीचा खर्च आमच्या काट्यावर, हा हिशेब कुठला?

शिवाय किल्ली अडते ती चुन्यापायी. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते. ते पिठासारख्या बारीक चुनखडीतून दिले तर लगेच विरघळते, फायटेटला चिकटते आणि गोळा होऊन बसते. विकर तिथवर पोचत नाही. चुन्याने पोटातले आम्लही मारले जाते, आणि विकराला तर आम्लच हवे. जाडसर खडी किंवा शिंपल्यांचा चुरा दळणाऱ्या जठरात रेंगाळतो, हळूहळू विरघळतो, रात्री कवच घडत असतानाही पुरतो. एका कवचाला दोनेक ग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे खनिज वाया जाते ते बऱ्याचदा चुनखडीच्या दळणापायी. ते दळण आम्ही दळत नाही.

(घरच्या दहा-बारा कोंबड्या सांभाळणाऱ्या बहिणींनी शिंपल्यांचा चुरा दाण्यात न मिसळता वेगळ्या परळात ठेवावा. कोंबडी गरजेपुरता उचलते. पिलांना मात्र अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य देऊ नये. जादा कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडते.)

काळेपणाची गोष्ट वेगळी. बुरशीच्या विषाची भीती खरी आहे, तिथे आम्ही भांडत नाही. माल तपासा, आकडा दाखवा, मग भाव बोला. तांबड्या ज्वारीतल्या टॅनिनचीही तक्रार खरी. आपल्या पांढऱ्या वाणांना ती फारशी लागू नाही.

फॉस्फरसच्या नावाने कपात लावणाऱ्याला यंदा तराजूजवळच दोन प्रश्न विचारायचे: तुमच्या खाद्यात फायटेज आहे का, आणि चुनखडी बारीक घालता की जाड? उत्तर मिळेपर्यंत ती कपात काटापट्टीवर लिहू द्यायची नाही.