‘कॅट पीपल’ : शृंगार आणि भय

भयानक हा शृंगाराचा विरोधी रस, असे विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त सांगतो. हा विरोध आपण वर्गात बहुधा परीक्षेपुरताच शिकवतो. झाक तुर्नर यांचा ‘कॅट पीपल’ (१९४२) आणि पॉल श्रेडर यांनी त्याच नावाने केलेली त्याची पुनर्निर्मिती (१९८२) शेजारी ठेवली, की मात्र या जुन्या वचनाची धार जाणवते. त्याची मर्यादाही जाणवते.

मूळ चित्रपटातील आयरीना ही न्यूयॉर्कमध्ये राहणारी सर्बियन चित्रकार. आवेग अनावर झाला तर आपले रूपांतर हिंस्र श्वापदात होईल, या धास्तीने ती पतीला जवळ येऊ देत नाही. हा शाप की मनोविकार, याचा निर्णय चित्रपट बराच काळ लांबवतो. निर्मितीचा खर्च अल्प, शिवाय हॉलिवूडची तत्कालीन नीतिसंहिता कडक. तेव्हा निर्माते व्हॅल ल्यूटन यांनी सावली आणि ध्वनी यांवर भिस्त ठेवली. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर अ‍ॅलिसच्या मागून येणारी पावले एकाएकी ऐकू येईनाशी होतात, आणि त्या नीरवतेला चिरत येते ती एक बस. तिचा फूत्कार क्षणभर श्वापदाचा वाटतो. आनंदवर्धनाची व्यंजना याहून फार दूरची नव्हे.

श्रेडर यांनी कथा न्यू ऑर्लिन्सला नेली आणि शाप निःसंदिग्ध केला. मानवाशी समागम झाला की रूपांतर; हत्या केल्यावाचून पुन्हा मनुष्यरूप नाही; निर्धोक संबंध तो केवळ स्वतःच्या रक्ताशी, म्हणजे सख्ख्या भावाशी. नियम असे मांडून दिल्यावर संदेहाला जागा कोठे उरणार? तरणतलावाचा प्रसंग दोन्ही चित्रपटांत आहे. अंधार, पाण्यावरचा हलता उजेड, गुरगुर, अ‍ॅलिसची घबराट, सारे तेच. १९८२ मध्ये ती अर्धनग्न आहे, आणि तेवढ्याने प्रेक्षकाची जागा बदलते. तो तिच्याबरोबर पाण्यात नसतो; काठावरून तिला न्याहाळत असतो, म्हणजे श्वापदाच्या बाजूला असतो. शृंगाराने भयाचा घात केला आहे तो येथे.

तरीही ‘उघडे म्हणून उथळ’ हा निर्वाळा आपल्या समीक्षेत फार स्वस्त झाला आहे (‘उघडे म्हणून धीट’ हाही तितकाच). तो या चित्रपटाच्या शेवटाला लागू पडत नाही. मूळ चित्रपटात आयरीना मरते आणि पती अ‍ॅलिसकडे जावयास मोकळा होतो. नीतीची घडी पूर्ववत बसते. श्रेडर यांच्या चित्रपटात आयरीना आपल्या जातीत परतण्यासाठी प्रियकराकडे समागमाची याचना करते. तो तिला पलंगाला बांधतो. पुढे ती पिंजऱ्यात दिसते. प्राणिसंग्रहालयाचा अधिकारी असलेला हा प्रियकर गजांतून तिला भरवतो, मानेवरून हात फिरवतो. त्या मायेत स्वामित्वाची जी निश्चिंती आहे, ती साऱ्या गुरगुरण्याहून भयावह आहे, आणि शृंगाराविना ती प्रकटच झाली नसती. एवढ्या एका दृश्यासाठी आधीचा पुष्कळसा पसारा सोसावा लागतो, हे खरे.