शपथ पुरी पडते काय?

दरवर्षी आपल्या महाविद्यालयाच्या पटांगणावर व्यसनमुक्तीची शपथ होते. उजवा हात पुढे करून आपण सारे एका सुरात म्हणतो आणि घोषणा देत वर्गात जातो. ज्याने अजून पेला हाती धरलेला नाही, त्याला ही शपथ उपयोगी पडतही असेल. परंतु ज्याच्या शरीरातच दारू मुरली आहे, त्याला नुसत्या शपथेवर सोडून देणे मला धोक्याचे वाटते.

गर्द म्हणजे मरण आणि दारू म्हणजे नुसती सवय, असा आपल्या कट्ट्यावर एक पक्का समज आहे. एकाएकी सोडण्यापुरते पाहिले तर गोष्ट उलटी आहे. गर्द तुटला की अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, यातना असह्य असतात. पण त्याने सहसा जीव जात नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर मात्र जाऊ शकतो. दारू मेंदूला गुंगवते. तिला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःला सतत चेतवून ठेवू लागतो. दारू गेली तरी तो चेतलेलाच राहतो. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, ताप चढतो. डॉक्टर याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. यावर औषधे आहेत, आणि ती वेळेवर मिळाली तर रोगी बहुधा वाचतो.

आमच्या आळीतल्या एका काकांनी आषाढीला माळ घातली. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसू लागल्या. घरच्यांनी देवऋषी आणला. शेवटी कुणीतरी अर्धा पेला पाजला, तेव्हा काका शांत झाले. "निश्चयच नव्हता," असे सारे गाव म्हणाले. माळ आजही खुंटीला आहे आणि काका पितात.

पुढे काकूंनी एक पुडी आणली. आमच्या आळीत कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून वाचायला माझ्याकडे दिली. 'न कळत दारू सोडवा' एवढेच वर छापले होते. आत काय आहे, ते कुठेच नव्हते. डायसल्फिरम नावाचे एक औषध खरोखर आहे. ते पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून डॉक्टर ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने देतात. चहातून चोरून द्यायची ती वस्तूच नव्हे! मी काकूंना पुडी देऊ नका म्हणालो. मग काय द्यायचे, हे त्यांनी विचारलेच.

उत्तर आहे, पण ते आमच्या गावापर्यंत आलेले नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, ते गर्दच्या रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवून. पुढे दारूचे रुग्णही तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले. तेथे आधी शरीरातली दारू औषधाने उतरवतात, मग मनाकडे वळतात. हा क्रम महत्त्वाचा.

म्हणून यंदा प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. शपथ खुशाल होऊ द्या, पण त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या डॉक्टरांना बोलवा, आणि त्या विभागाचे वार व वेळ सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लिहा. मला ते उतरवून घेऊन काकूंना द्यायचे आहेत.