लिंगियारीचं मत

ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडा. वर उत्तरेला नॉर्दर्न टेरिटरी नावाचा पट्टा दिसेल. त्यातलं डार्विन शहर आणि त्याला चिकटलेली वस्ती वगळा. उरलं ते सगळं, साडेतेरा लाख चौरस किलोमीटर, केंद्रीय संसदेचा एकच मतदारसंघ. चार महाराष्ट्र आत कोंबले तरी जागा उरेल. खासदार एक. मतदारांत दहातले चार आदिवासी. मतदारसंघाचं नाव लिंगियारी.

हे नाव कुठल्या गव्हर्नराचं नाही की राणीचं नाही. व्हिन्सेंट लिंगियारी गुरिंजी जमातीचा गुराखी होता. संपकरी होता. त्याचं नाव २००१च्या निवडणुकीपासून मतदारसंघाला दिलं. पुतळ्याला निदान सिमेंट तरी लागतं, नाव द्यायला तेही लागत नाही. तेव्हा नावाचं कौतुक पुरे. आम्हाला मताचा हिशेब मांडायचाय.

१९०२ साली तिथल्या नव्या संसदेने मतदानाचा कायदा केला. गोऱ्या बायकांना मत दिलं, इंग्लंडातल्या बायकांना मिळायच्या कितीतरी आधी. आणि त्याच कायद्याने आदिवासी, आशियाई, आफ्रिकन माणसांना, थोडे अपवाद सोडले तर, हाकलून लावलं. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातून तिथे गेलेल्यांना मत मिळालं. म्हणजे आपल्याकडून गेलेला फेरीवाला मतदार झाला आणि ज्याच्या जमिनीवर तो फेरी करत होता तो दाराबाहेरच. आणखी ३७ वर्षं.

दाराबाहेर म्हणजे नुसतं मतपेटीच्या बाहेर नव्हे. १९५३ साली टेरिटरीत 'वेल्फेअर ऑर्डिनन्स' निघाला. वेल्फेअर! नाव ऐकूनच सावध व्हावं. या कायद्यात आदिवासी हा शब्द टाळला होता. चलाखी बघा. ज्याला मताचा अधिकार आहे त्याला 'वॉर्ड', म्हणजे सरकारच्या पालकत्वाखालचं अज्ञान पोर, ठरवता येणार नाही, एवढंच लिहिलं. मग मत नसलेला कोण उरला? झालं काम. जातीचं नाव न घेता जात पकडली. पंधरा हजारांवर माणसांची यादी झाली. त्या यादीला लोक 'स्टड बुक' म्हणत. जातिवंत घोड्या-वळूंच्या पैदाशीची वही असते, ती. या वहीत नाव असलेल्याने कुठे राहायचं ते अधिकारी ठरवणार. वहीबाहेरच्या माणसाशी लग्न करायचं तर परवानगी. दारूला बंदी. मजुरीचा कायदा वेगळा.

आल्बर्ट नामतजिरा हा मोठा चित्रकार. जगभर नाव झालं म्हणून १९५७ साली त्याला या वहीबाहेर ठेवलं. तो माणूस झाला, मतदार झाला. त्याची मोठी झालेली मुलं मात्र वहीतच. १९५८ साली नातलगाला दारू दिली म्हणून त्याच्यावर खटला भरून शिक्षा केली. आपल्यातलं वाटून घ्यायचं, ही त्याच्या लोकांची रीत. १९५९ साली तो मेला. एकट्याला माणूस करायचं आणि गोत गोठ्यात ठेवायचं, असला हा हक्क.

टेरिटरीचा खासदारही अर्धाच होता. १९२२पासून तिथून एक खासदार निवडून जाई. बोलायची मुभा, मत द्यायचा अधिकार नाही. तो तुकड्यातुकड्याने आला आणि पुरता मिळाला १९६८ साली. मतदार नसलेल्या लोकांच्या मुलखाचा, मत नसलेला खासदार!

१९६२ साली आदिवासींना केंद्रीय निवडणुकीत मत मिळालं. गोऱ्याला नाव नोंदवणं सक्तीचं, आदिवासीला मर्जीचं. ही सूट १९८४पर्यंत चालली. सूट कसली, विसर पडू देण्याची सोय.

आता संप. वेव्ह हिल हे गुरांचं प्रचंड कुरण, मालक वेस्टी नावाचं ब्रिटिश घराणं. गुरिंजी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबत. मोबदला पीठ, साखर, चहा, हाडकं आणि वर चिल्लर. १९६६च्या मार्चमध्ये लवादाने आदिवासी गुराख्यांना समान वेतन मंजूर केलं, पण अंमल डिसेंबर १९६८पासून. म्हणजे मालकाला सवड. ऑगस्टमध्ये लिंगियारी उठला आणि बायकापोरांसह दोनेकशे माणसं कुरण सोडून चालू लागली. आधी मजुरी मागितली. मग म्हणाले, मजुरी राहू द्या, जमीनच आमची आहे. नऊ वर्षं ते तळ ठोकून बसले. १९६७ साली आदिवासींना जनगणनेत मोजायचं आणि केंद्राला त्यांच्यासाठी कायदे करू द्यायचे, यावर सार्वमत झालं. नव्वद टक्क्यांवर होकार. पण टेरिटरीतल्या माणसाला, गोऱ्यालाही, सार्वमतात मत नव्हतं. ते १९७७ साली आलं. ज्यांच्या संपाची देशभर चर्चा होती त्यांना मोजायचं की नाही हे बाकीच्यांनी ठरवलं.

१६ ऑगस्ट १९७५ला पंतप्रधान व्हिटलमने लिंगियारीच्या ओंजळीत माती ओतली. फोटो जगभर गेला. हातात पडला तो भाडेपट्टा. १९७६ साली टेरिटरीसाठी जमीनहक्काचा कायदा झाला, आणि गुरिंजींना पक्की मालकी मिळायला १९८६ उजाडलं.

ही जमीन मतपेटीतून आलेली नाही, हे ध्यानात घ्या. पण मतपेटीकडे पाठ फिरवली की ती जमीन कशी धरून ठेवायची, हाही सवाल आहेच. २००७ साली हॉवर्ड सरकारने मुलांवरच्या अत्याचारांचं कारण सांगून लष्कर घेऊन 'हस्तक्षेप' केला. वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला, ७३ वस्त्यांवर निर्बंध घातले, अनुदानाचा अर्धा पैसा कशावर खर्चायचा तेही सरकार ठरवू लागलं, आदिवासी जमिनीवर पाच वर्षांचे सक्तीचे पट्टे घेतले. मजूर पक्षाने विरोधात बसून हात वर केला. त्याच वर्षी रानातल्या वस्त्यांनी हॉवर्डला पाडायला मजूर पक्षालाच भरभरून मतं दिली. मजूर पक्ष सत्तेत आला आणि थोडी डागडुजी करून तेच पुढे चालवलं. ठरलेलं मत, त्याला कोण भाव देतो?

खासदार वॉरन स्नोडन २००१पासून २०२२पर्यंत तोच. गोरा, मजूर पक्षाचा. लिंगियारीच्या नावाच्या जागेवर आदिवासी माणूस बसायला २१ वर्षं लागली. २०२२ साली मॅरियन स्क्रिमजर निवडून आली. टेरिटरीत मंत्री असताना तिने हस्तक्षेपावर कोरडे ओढले होते, २००९ साली वस्त्यांच्या प्रश्नावर काही काळ पक्षही सोडला होता. ती जिंकली जेमतेम ५१ टक्क्यांनी. २०२५ साली फरक वाढला.

तिच्या पहिल्या निवडणुकीचा आकडा बघा. देशात मतदान जवळजवळ ९० टक्के. लिंगियारीत ६७. कुठे? ज्या देशात मत न दिल्यास दंड होतो तिथे! शहाणे म्हणाले, आदिवासी उदासीन आहेत. खोटं. २०१२पासून सरकार आपल्याकडच्या नोंदी बघून माणसाचं नाव आपोआप यादीत घालतं आणि तसं पत्र घरी पाठवतं. पण दुर्गम वस्त्यांत घरपोच टपाल नाही, सगळ्या गावाची एकच थैली येते. म्हणून त्या वस्त्या या सोयीतून वगळल्या! अनुदान कापायला पत्ता सापडतो, मताला सापडत नाही. २०२१ साली अर्न्हेम लँडच्या दोन नेत्यांनी मानवी हक्क आयोगाकडे वंशभेदाची तक्रार केली, त्यानंतर आयोगाची यंत्रणा हलू लागली. आणि केंद्र? विमानातून नाहीतर गाडीतून फिरतं पथक येतं, काही तास टेबल मांडतं आणि जातं. त्या दिवशी वस्तीत मयत असेल, माणसं दुसऱ्या गावी गेली असतील, तर मत बुडालं.

२०२३च्या ऑक्टोबरात आदिवासींना संसदेपुढे सल्लागार मंडळ द्यायचं का, यावर सार्वमत झालं. देशाने नाही म्हटलं. लिंगियारी मतदारसंघानेही नाहीच म्हटलं. झालं, पाहा, त्यांनाच नको होतं, असं म्हणायला लोक मोकळे झाले. पण लिंगियारीच्या पेट्या वेगळ्या काढून बघा. ॲलिस स्प्रिंग्ज, कॅथरिन असल्या गावांनी नकार भरला. विमानातून फिरलेल्या पथकांच्या, आदिवासी वस्त्यांतल्या पेट्यांत चारातली जवळजवळ तीन मतं होकाराची होती.