आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. त्याचं कारण आज सांगतो, आणि जरा रागावूनच सांगतो. सगळं आयुष्य फळ्यासमोर गेलं, रागवायची सवय काही जात नाही. घरच्या मंडळींनी तेवढं सांभाळून घ्यावं.

अलीकडे दोन वाक्यं इतक्यांदा ऐकली की ती कानावर पडली तरी डोकं तापतं. पहिलं, "काका, लिनक्स आहे ते, त्याला काही होत नाही." हे आमच्या पुण्याच्या पुतण्याचं. दुसरं, "गुरुजी, आपल्याकडं काय हाय की चोरायला?" हे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. उदगीरला त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दोघंही हुशार, दोघंही या विषयात माझ्यापेक्षा शंभरपट जाणकार. आणि दोघंही चुकलेत, हे मराठी घेऊन बीए झालेला एक म्हातारा जळकोटात बसून सांगतोय. हसायचं त्यांनी हसावं.

आधी झालं काय ते. २०१९ साली पुतण्याने मला एक सर्व्हर भाड्याने घेऊन दिला. (ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: सर्व्हर म्हणजे कुणाच्या तरी इमारतीत चोवीस तास चालू असलेला संगणक. त्यातली थोडी जागा आपण महिन्याच्या भाड्याने घेतो.) त्यावर उबुंटू लिनक्स बसवलं, म्हणजे मुक्तस्रोत, फुकट आणि कुणालाही आतून तपासता येईल अशी प्रणाली. तिच्यावर माझा हा ब्लॉग, गावातल्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी, आणि थोरल्या वहिनींच्या ओव्या. एकूण एकतीस ध्वनिमुद्रणं. मी फोन पुढे धरून बसायचो आणि वहिनी "जात्याबिगर कसलं गाणं" म्हणून हसायच्या. शेवटी नातसुनेने माळ्यावरचं जातं खाली काढून दिलं, तेव्हा कुठे गायल्या. २०२१ मध्ये त्या गेल्या, हे घरात सगळ्यांना माहीतच आहे.

२०२४ च्या श्रावणात एके सकाळी पान उघडेना. पुतण्याला फोन केला. दोन तासांनी त्याचा आवाज उतरलेला. सर्व्हर ज्यांच्याकडून घेतला त्यांनीच तो बंद केला होता. तुमच्या यंत्रावरून इतरांच्या यंत्रांची कुलपं फोडण्याचा उद्योग चालू आहे, अशी तीन पत्रं त्यांनी धाडली होती म्हणे. ती गेली पुतण्याच्या जुन्या कार्यालयाच्या ईमेलवर. ती नोकरी सोडून त्याला दोन वर्षं झाली होती.

मग आतल्या नोंदी तपासल्या. उन्हाळ्यात पुतण्याच्या एका मित्राने वाचनालयाच्या यादीत शोधायची सोय करून दिली होती. त्या कामासाठी त्याने एक खातं उघडलं. नाव 'टेस्ट', पासवर्डही 'टेस्ट', आणि अधिकार सगळे. काम चार दिवसांत झालं, खातं तसंच राहिलं. पुढे एका रात्री त्याच नावाने कुणीतरी बाहेरून आत आलं. माणूसही नव्हे, एक प्रोग्रॅम. असे प्रोग्रॅम दिवसरात्र महाजालावरची दारं ठोठावत फिरत असतात: रूट, ॲडमिन, टेस्ट, गेस्ट, आणि प्रत्येकासाठी ठरलेले दहा-वीस पासवर्ड. आत आल्यावर त्याने दोन कामं लावली. एक, आभासी चलनाची नाणी पाडणं. दुसरं, पुढची घरं फोडणं.

मला हे सगळं समजायला वेळ लागला, पण समजलं ते गावच्याच गोष्टीने. विजेच्या तारेवर आकडा टाकणारा माणूस तुमच्या घरातलं काही उचलत नाही. त्याला तुमची भांडी नकोत. त्याला वीज हवी असते. तसा हा आकडा होता. माझ्या ओव्यांकडे त्या चोराने ढुंकूनही पाहिलं नसेल.

मग ओव्या गेल्या कशा? त्या आमच्या हाताने गेल्या. पुतण्या म्हणाला, "काका, हे यंत्र आता विश्वासाचं राहिलं नाही, पुसून नव्याने उभं करतो, बॅकअप आहेच." हे त्याचं बरोबर होतं. एकदा असा शिरकाव झाल्यावर वरवर झाडून भागत नाही. त्याने बटण दाबलं. आणि बॅकअप होता त्याच यंत्रावर, शेजारच्या फोल्डरात. माझ्या नातवाच्या लॅपटॉपवर बावीस सापडल्या. नऊ गेल्या.

असो. आता त्या दोन वाक्यांकडे येतो.

"आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे" हे वाक्य नम्र वाटतं, पण त्याच्याआड कामचुकारपणा लपलेला असतो. माझं यंत्र तीन आठवडे दुसऱ्यांची दारं फोडत होतं. कुणाची, हे मला कधीच कळणार नाही. आपल्या विहिरीत काही मेलंय आणि पाणी चार घरं पितायत, तर "माझी विहीर लहान आहे" हे उत्तर होतं का? २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्रॅम पसरला. त्याने धरले ते घरोघरचे कॅमेरे आणि राउटर, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात लिनक्सच होतं. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नावा-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, बस्स. तेवढ्यावर लाखो यंत्रं हाताशी आली आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांचा मारा एका कंपनीवर झाला, तर ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी ठिकाणं अमेरिकेत कितीतरी तास धड उघडत नव्हती. मिराई लिहिणारे कोण? कॉलेजच्या वयाची पोरं. त्यांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्या प्रत्येकाला वाटत असणार की माझ्या अंगणाच्या चित्रात चोरण्यासारखं काय आहे!

आता दुसरं, जास्त जड जाणारं वाक्य. "लिनक्स आहे, काही होत नाही." मला लिनक्स आवडतं, हे आधीच सांगून ठेवतो. शिक्षकाच्या पेन्शनीत बसणारं आहे, आणि कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण त्याचे भक्त सांगतात की सगळ्यांना आतलं दिसतं, म्हणून चूक लपत नाही. दिसतं, हे खरं. बघतो कोण? बॅश नावाचा लिनक्समधला जुना प्रोग्रॅम आहे. त्यातलं एक भोक १९८९ पासून होतं आणि सापडलं सप्टेंबर २०१४ मध्ये. पंचवीस वर्षं! एक पिढी शिकून नोकरीला लागली तेवढ्यात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड उघडकीला आलं, तेही दोन वर्षं उघड्यावर पडून होतं.

आणि मार्च २०२४ ची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं साधन. ते सांभाळणारा एकच माणूस, तोही थकलेला. 'जिया तान' नाव घेऊन कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मदत करत राहिलं, विश्वास कमावला, आणि मग त्यात चोरदार बसवलं, थेट सर्व्हरच्या मुख्य दरवाजापर्यंत नेणारं. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, कारण त्याला आत शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि तो अर्धा सेकंद त्याने सोडून दिला नाही. त्याला आतलं वाचता आलं हे मुक्तस्रोताचंच पुण्य, मान्य. पण त्या अर्ध्या सेकंदाकडे बघणारा माणूस होता म्हणून.

आमच्या सर्व्हरकडे बघणारा माणूस कोण होता? कुणीच नाही. पुतण्या अभिमानाने सांगायचा, "काका, चारशे दिवसांत एकदाही बंद पडला नाही." मी पण चारचौघांत सांगायचो. आता कळतं की ती शाबासकी नव्हती. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याची दुरुस्ती बसली तरी यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय ती सहसा लागू होत नाही. म्हणजे चारशे दिवस जुनाच गाभा चालू होता. शिवाय आमचं उबुंटू १८.०४. त्याची नेहमीची पाच वर्षांची दुरुस्ती मे २०२३ मध्ये संपली. पुढे मुदत वाढवून घ्यायची सोय घरगुती वापराला पाच यंत्रांपर्यंत फुकट होती. नुसतं नाव नोंदवायचं होतं. तेही कुणी केलं नाही.

म्हणाल, म्हाताऱ्याच्या ओव्यांचं काय एवढं मोठं. मग बँकांचं बघा. आमचं हे होण्याच्या थोडेच दिवस आधी, ३१ जुलै २०२४ ला, सी-एज या कंपनीवर खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला झाला. देशभरच्या लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांची संगणक व्यवस्था ती सांभाळते. टीसीएस आणि स्टेट बँकेने मिळून काढलेली कंपनी, म्हणजे ऐरीगैरी नव्हे. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं आणि तीनशेच्या आसपास बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने आपल्या अहवालात मांडलं की सुरुवात सी-एजमध्ये नव्हे, तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्याच एका कंपनीच्या सर्व्हरवर झाली. तिथे जेंकिन्स नावाची मुक्तस्रोत प्रणाली नीट न बसवलेली होती, आणि तिच्यातलं ओळखीचं भोक वापरलं गेलं. त्या भोकाची दुरुस्ती जेंकिन्सवाल्यांनी जानेवारी २०२४ मध्येच काढली होती, तीही फुकट! सहा महिने औषध कपाटात आणि रोगी बाहेर.

हे वाचलं आणि मला शाळा आठवली. नवी खोली बांधायला निधी येतो, फीत कापायला पाहुणे येतात. पहिल्या पावसात पत्रा उडाला की दुरुस्तीचा रकाना रिकामा. हातपंपाचं तेच, आणि संस्थांच्या संकेतस्थळांचंही तेच. सोसायटी, वाचनालय, शाळा, सगळे कुठल्यातरी पोराला धरतात: "दोन दिवसांत करून दे की रे." पोरगं करून देतं, चहा पितं, पुण्याला निघून जातं. पुढे कोण बघणार हा प्रश्नच कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही. म्हणून पुतण्यावर जेवढा राग आहे तेवढाच स्वतःवर आहे. शाळेत पाणी भरायची पाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असायची. सर्व्हरच्या पाळीचं नाव कुठे लिहिलेलं होतं?

आता पाळी माझी. नवीन सर्व्हर मी स्वतः बसवला, पुतण्या फोनवर सांगत होता. पासवर्डने आत येणं बंदच केलं, किल्लीची फाइल असेल तरच दार उघडतं. 'रूट' या सर्वाधिकारी नावाने थेट प्रवेश बंद. उबुंटूसोबत फायरवॉल येते, पण ती आपण चालू करेपर्यंत झोपलेली असते, हे मला ठाऊक नव्हतं. चालू करताना मी आपल्या स्वतःच्या दाराला परवानगी द्यायची विसरलो आणि बाहेरच राहिलो! पुतण्या पोट धरून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून मी काही बोललो नाही. पहिल्याच रात्री नोंदींत परक्यांचे काही हजार प्रयत्न दिसले. आता मी त्या ओळी बघतो, रस्त्यावरचे भुंकणारे कुत्रे बघावेत तशा.

आणि दर एकादशीला बसतो. उपवास असतो, तेव्हा विसरत नाही. दुरुस्त्या आल्यात का, यंत्र पुन्हा सुरू करायला हवंय का, खात्यांच्या यादीत कुणी परकं नाव आहे का, ईमेलचा पत्ता चालू आहे का. मग सगळ्याची प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, आणि त्या डिस्कवरून एक ओवी लावून बघतो. प्रत आहे एवढ्याने भागत नाही, ती वाजली पाहिजे. सगळं मिळून तासभर लागतो. विद्यार्थी म्हणतो, "एवढं कशाला करायलाव गुरुजी?" त्याला सांगितलं, तुझ्या दुकानातून किती संस्थांची संकेतस्थळं निघाली त्याची यादी कर आणि प्रत्येकापुढे बघणाऱ्याचं नाव लिहून दाखव. अजून आणलेली नाही. आणेपर्यंत विचारत राहणार आहे.

आता घरच्यांसाठी एक काम. हरवलेल्या नऊ ओव्यांत पंढरीच्या चार, भावाच्या दोन, लेकीच्या दोन आणि सीतेच्या वनवासाची एक मोठी आहे. २०२० च्या टाळेबंदीत मी यातल्या बऱ्याच तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या. सोलापूरच्या अक्का, हैदराबादची मंडळी, तुम्ही तेव्हाचे फोन बदलले असतील, पण जुने कपाटात पडलेले असतील. चार्ज करून बघा. सापडलं तर फाइल आहे तशीच पाठवा, नाव बदलू नका. नावातच तारीख असते, आणि कुठली ओवी कुठल्या दिवशीची हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे.