बरं वाटलं होतं!

पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी रविवारी गाड्यांची रांग लागते. माणसं माथा टेकतात, रायगड पाहतात आणि महाडवरून घरी परततात. वाटेत मुलाबाळांसह चवदार तळ्याशी थांबणारी मला थोडीच भेटली.

1986 साली मी महाडच्या एका बँकेत अधिकारी होतो. पाचाडकडचे एक वृद्ध गृहस्थ पुतण्याच्या कर्जाला जामीन राहायला आले होते. “ह्यानं नाही फेडलं तर माझ्या अंगावर येईल का, साहेब?” असं त्यांनी तीनदा विचारलं. मग चहा घेताना गोष्ट निघाली 1927 सालची. तेव्हा ते सतरा वर्षांचे, बाजाराला महाडात आलेले.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 सालचा. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तसाच ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. थोड्याच वेळात आवई उठली की, आता ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मांडवात शिरला, जेवणाऱ्यांना झोडपलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. उलट हात उचलू नका, असं बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावलं.

“देऊळ बाटवणार, असं कोण म्हणालं?” मी विचारलं.

“सगळेच म्हणत होते. मी नाही मारलं हो कुणाला. नुसता उभा होतो.”

“आणि पुढे तळं शुद्ध केलं तेव्हा?”

म्हातारबुवा थोडे थांबले. “तेव्हा बरं वाटलं होतं.”

मला मारापेक्षा हे बरं वाटणं जास्त कळण्याजोगं वाटतं, आणि म्हणूनच जास्त भीतीचं. लाठी उचलायला संताप लागतो आणि तो तासा-दोन तासांत उतरतो. पंचगव्याच्या 108 घागरी तळ्यात ओतल्या त्या मात्र शांत डोक्याने. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, तोही रीतसर सभेत. भल्या घरच्या माणसांना लाठीचं समर्थन करायचं नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण देव राखतोय. आपण राखणदार आहोत अशी एकदा समजूत झाली, की समोरच्याचं फुटलेलं डोकं दिसत नाही.

1948 साली गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली, 1978 साली नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या. दोन्ही वेळा “त्यांनीच ओढवून घेतलं” हे वाक्य मी चांगल्या, प्रेमळ माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. एकदा तर आमच्याच पंगतीत, लेकरांदेखत. मी मुकाट्याने वरणभात कालवत राहिलो.

महाडच्या मारहाणीबद्दल पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याच्या दाव्याचा शेवटचा निकाल हायकोर्टाने दिला तो 17 मार्च 1937 रोजी.